किता-कामाकुरा : टोकियोपासून तासाभरावरचं देवळांचं गाव, सावकाश बघायचं असेल तर

पायवाट

मी गेली आठ वर्षं योकोहामात राहते. भारतातून कुणी आलं की कामाकुराची फेरी ठरलेली असते, आणि दर वेळी बेत तोच: सकाळी मोठा बुद्ध, मग हासेचं कान्नोनचं देऊळ, मग समुद्र, मग दुकानांची गल्ली, आणि संध्याकाळी दुखरे पाय घेऊन परत. त्यात वाईट काही नाही. पण त्याच रेल्वेवर कामाकुराच्या एक स्टेशन अलीकडे किता-कामाकुरा आहे, आणि तिथे पाहुणे उतरतच नाहीत याची मला खरंच हळहळ वाटते. म्हणून हा धागा.

जेआरची योकोसुका लाइन घ्यायची. टोकियो स्टेशनहून साधारण पन्नास मिनिटं, योकोहामाहून पंचवीसएक. ओफुना गेलं की पुढचंच स्टेशन. ओफुनाला उंच इमारती, मॉल, सगळं आहे. गाडी तिथून सुटते आणि चारच मिनिटांत दोन्ही बाजूंनी झाडीच्या टेकड्या जवळ येतात. फलाट लांबलचक आणि अरुंद. बाहेर पडलात की शंभर पावलांवर एंगाकुजी देवळाच्या पायऱ्या.

इथे एक गोष्ट नीट बघा. ही रेल्वे १८८९ साली योकोसुकाच्या नौदल तळासाठी टाकली, आणि ती देवळाच्या आवारातूनच गेली. देवळासमोरचं तळं आज रुळांच्या पलीकडे पडलंय. फाटक ओलांडून दरवाजाशी जाताना आपण देवळाच्या अंगणातून चाललोय हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

एंगाकुजी १२८२ सालचं. मंगोलांनी १२७४ आणि १२८१ अशा दोन स्वाऱ्या केल्या, दोन्ही परतल्या. तेव्हा कामाकुरात सत्ता होजो घराण्याची होती. त्यातल्या तोकिमुनेने चीनमधून आलेल्या मुगाकु सोगेन या भिक्षूच्या हातून हे देऊळ उभारलं, ते दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांसाठी. आपल्याकडचे आणि चालून आलेले, दोघांसाठी एकच प्रार्थना. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी तिथल्याच बाकावर बसून होते आणि बराच वेळ उठले नाही.

देऊळ म्हणजे एक इमारत नाही, टेकड्यांमधली अख्खी घळ आहे. चढत जायचं, दोन्ही हातांना लहान लहान मठ लागतात. सान्मोन नावाचा दुमजली दरवाजा अठराव्या शतकाच्या शेवटचा. त्याच्या खांबाजवळ जा. रंग नाही, रोगण नाही. ऊनपावसाने लाकडाचा मऊ भाग झिजून गेलाय आणि कठीण रेषा तेवढ्या वर उठल्यात, म्हाताऱ्या माणसाच्या हातावरच्या शिरांसारख्या. त्या दरवाजाला दारं नाहीत, तो कधी बंद होत नाही.

मुख्य बुद्धमंदिर मात्र १९२३ च्या भूकंपात कोसळलं. आज दिसतं ते १९६४ सालचं, काँक्रीटचं. आत मुकुट घातलेले शाक्यमुनी आहेत. मागे शारीदेन, बुद्धाच्या दाताचा अवशेष ठेवलेली राष्ट्रीय ठेव. एरवी ते दुरून, दाराबाहेरूनच दिसतं. 'शारी' म्हणजे आपला 'शरीर' शब्द. सुशीच्या भातालाही जपानी लोक शारीच म्हणतात, पांढरे दाणे अवशेषांसारखे दिसतात म्हणून, असं सांगतात.

आवारात चित्रपट दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांची कबर आहे. दगडावर नाव नाही, एकच अक्षर: 'मु'. म्हणजे काही नसणं. लोक तिथे साकेच्या बाटल्या ठेवून जातात.

आणि एक धागा आपल्यापर्यंत येणारा. १८९३ च्या शिकागोच्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले ते आपण शाळेपासून ऐकतो. त्याच परिषदेत एंगाकुजीचे प्रमुख शाकु सोएनही होते. मुंबईहून निघालेल्या विवेकानंदांनी पॅसिफिक ओलांडायला बोट धरली ती आमच्या योकोहामाच्या बंदरातून. सोएन यांच्या भाषणाचं इंग्रजी भाषांतर केलं त्यांच्या शिष्याने, दाइसेत्सु सुझुकीने. पुढे झेन हा शब्द जगभर पोचवला तो यानेच. आता त्याची कबर रस्त्याच्या पलीकडे, तोकेइजीत आहे.

तोकेइजीबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय. १२८५ साली तोकिमुनेच्या विधवेने, काकुसान-नीने, स्थापलेला भिक्षुणींचा मठ. शेकडो वर्षं याची ओळख होती 'संबंध तोडण्याचं देऊळ'. त्या काळी काडीमोड द्यायचा हक्क फक्त नवऱ्याला. तो साडेतीन ओळींची चिठ्ठी लिहून देई, आणि चिठ्ठी नसेल तर बाईला दुसरी वाट नाही. पण ती या दरवाजात पोचली की तिला बाहेर ओढता येत नसे. आधी तीन वर्षं, पुढे दोन वर्षं मठात काढली की ती मोकळी. नवरा पाठलागावर असेल आणि बाईने पायातली चप्पल किंवा केसातला काटा दरवाजाच्या आत फेकला, तरी ती आत पोचली असं धरत, अशी कथा आहे. मठाचा हा अधिकार १८७१ मध्ये गेला, आणि १८७३ च्या कायद्याने बायकांना स्वतः फिर्याद करता येऊ लागली. १९०२ मध्ये शेवटची भिक्षुणी प्रमुख वारली. त्यानंतर तिथे पुरुष भिक्षू आहेत.

दरवाजा अगदी लहान आहे. गवताने शाकारलेला, पायऱ्यांच्या वरच्या टोकाला. राजवाड्याचा नाही, घराचा वाटावा इतका. आत आता फोटो काढायला बंदी आहे, आणि मला ती फार योग्य वाटते.

कुणाला जायचं असेल तर विचारा, माहीत आहे ते सांगेन.

चाकरमानी

छान लिहिलंय. पण आमच्यासारख्यांची अडचण सांगतो. एक दिवस सुट्टी, दोन मुलं, वय ७ आणि ११. मोठा बुद्ध न दाखवता परत आणलं तर पोरं वर्षभर बोलतील. दोन्ही जमेल का?

पायवाट

जमेल. साडेआठपर्यंत किता-कामाकुरात उतरा. एंगाकुजी आणि तोकेइजी, बस, अकरापर्यंत तेवढंच. मुलांना एंगाकुजीच्या मोठ्या घंटेपर्यंत चढू द्या. १३०१ सालची, अडीच मीटरहून उंच. शेजारी बेंतेनचं देऊळ आहे. बेंतेन म्हणजे आपली सरस्वतीच, वीणेच्या जागी जपानी बिवा घेतलेली. हे मुलांना सांगा, हातातलं वाद्य ती बरोबर ओळखतात. आकाश स्वच्छ असेल तर तिथून फुजी दिसतो. मग एक स्टेशन पुढे कामाकुरा, तिथून एनोदेनच्या लहान गाडीने तिसरं स्टेशन हासे. मोठा बुद्ध ११.३ मीटर उंच, उघड्यावर बसलेला. मुलांची निराशा होणार नाही.

फक्त पाच-सहा देवळांची यादी करू नका. मी पहिल्या वर्षी तसंच केलं. रात्री घरी फोटो बघताना कुठला दरवाजा कुठल्या देवळाचा हे मला सांगता येईना.

वैनगंगा

मी भंडाऱ्याचा. आमच्या घरी बुद्ध म्हणजे रोज संध्याकाळची वंदना. लहानपणापासून जपान म्हटलं की कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार आणि नागपूरचे जपानी भन्ते सुरेई ससाई, एवढीच ओळख. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामाने टोकियोला होतो, तेव्हा एका रविवारी केंचोजीला गेलो. पायवाटताईंनी त्याबद्दल लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

एंगाकुजीपासून पंधरा-वीस मिनिटं चालत. फुटपाथ अरुंद आहे आणि बाजूने गाड्या जातात, सांभाळून चाला. १२५३ साली स्थापन झालेलं, कामाकुराच्या पाच मोठ्या झेन देवळांत पहिल्या क्रमांकाचं. संस्थापक रानकेइ दोरयू, हेही चीनहून आलेले. अंगणात जुनिपरची झाडं आहेत, त्यांनीच चीनहून आणलेल्या बियांची म्हणतात. खोडं अशी पिळलेली की कुणीतरी ओलं धोतर पिळून उभं केलंय.

मला अपेक्षा होती शाक्यमुनींची, पण मुख्य मूर्ती जिझोची आहे. जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व, नरकात पडलेल्यांनाही सोडून न जाणारे. देऊळ होण्याआधी ही जागा गुन्हेगारांना मारण्याची होती, म्हणून इथे क्षितिगर्भ. हे कळल्यावर मी परत जाऊन पुन्हा हात जोडले.

मग धर्मसभागृहात गेलो. छतावर ढगांतला मोठा ड्रॅगन रंगवलाय, पण माझे डोळे खालीच राहिले. तिथे उपोषण करणाऱ्या सिद्धार्थाची मूर्ती आहे. लाहोरच्या संग्रहालयात गांधार शैलीची मूळ मूर्ती आहे, तिची ही प्रतिकृती पाकिस्तानने भेट दिलेली. फासळ्या मोजता येतात, पोट पाठीला लागलंय, डोळे खोल गेलेत, आणि तरी पाठ ताठ. आम्ही बुद्ध कायम शांत, भरलेल्या चेहऱ्याचा बघतो. तो माणूस इतका झिजला होता हे ऐकून माहीत होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

तेवढ्यात आतल्या बाजूने पठण सुरू झालं. एक शब्द कळत नव्हता. शेवटी आलं "ग्याते ग्याते हारा ग्याते". दोन क्षण लागले. गते गते पारगते. प्रज्ञापारमिता हृदयसूत्र. आपल्याकडून चीनला, तिथून जपानला, आणि इतक्या तोंडांतून जाऊनही ओळखू येतंय. मी बाजूला उभा राहून पुटपुटलो. शेजारच्या आजींनी माझ्याकडे बघून मान लववली.

चाकरमानी, मोठ्या बुद्धाकडे जाणार असाल तर तिथला श्रीलंकेच्या जयवर्धन यांच्या स्मरणाचा दगड चुकवू नका. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत त्यांनी धम्मपदातलं वचन सांगितलं होतं, वैराने वैर शमत नाही ते, आणि त्यांच्या देशाने जपानकडून नुकसानभरपाई घेतली नाही. मुलांना नक्की सांगा.

कातळ

माझी आवड लेणी. सह्याद्रीतली बरीच पायाखाली घातलीत, त्यामुळे कामाकुरातल्या 'यागुरा' बघायला मुद्दाम गेलो. डोंगराच्या पोटात कोरलेल्या चौकोनी खोल्या, मध्ययुगातल्या सरदारांच्या आणि भिक्षूंच्या कबरी. किता-कामाकुरात मेइगेत्सुइनच्या आवारात सगळ्यात मोठ्यांपैकी एक आहे. लोक तिच्यासमोरून हायड्रेंजियाच्या फुलांचे फोटो काढत जातात आणि गुहेकडे बघतही नाहीत.

आपला बसाल्ट छिन्नीला दाद देत नाही, पण एकदा कोरला की दोन हजार वर्षं तसाच. तिथला दगड उलट, नखाने खरवडला तरी भुगा निघेल इतका मऊ. त्यामुळे कडा गोलावल्यात, कोरीव काम पुसट झालंय, आणि सगळ्यावर नेचे आणि शेवाळ. भव्यता नाही, पण ओलसर अंधारात उभं राहिलं की अंगावर काटा येतो. टेकड्या अशा मऊ असल्यामुळे पावसाळ्यात दरडीही येतात. डोंगरातल्या पायवाटा कधी कधी बंद असतात, निघण्याआधी चौकशी करा.

अबोली

सगळे प्रतिसाद वाचले. नोव्हेंबरमध्ये आई नाशिकहून आमच्याकडे येते आहे (आम्ही टोकियोत, निशी-कासाईत). वय ७२, गुडघे दुखतात, शुद्ध शाकाहारी. मासे तर सोडाच, त्यांचं पाणीही चालत नाही. जमेल का? आणि जून चांगला की नोव्हेंबर?

पायवाट

अबोली, नोव्हेंबरचा शेवट उत्तम. पानं लाल होतात ती नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला. जून म्हणजे तिथला पावसाळा, आणि मेइगेत्सुइन निळ्या हायड्रेंजियांनी भरून जातं. महाबळेश्वरला बंगल्यांच्या अंगणात असतात तीच झाडं. दृश्य अप्रतिम, पण रांग रस्त्यापर्यंत येते आणि आत मागच्याचा धक्का लागत पुढे सरकावं लागतं. आईंना घेऊन जूनमध्ये नको. शनिवार-रविवार टाळा, सकाळी लवकर जा, आणि दरवाजे चार-साडेचारलाच बंद होतात हे ध्यानात ठेवा.

गुडघे: एंगाकुजीच्या सुरुवातीच्या पायऱ्या आहेत, सान्मोनच्याही आहेत. त्यानंतर हळू चढ. घंटेच्या शंभराहून जास्त उभ्या पायऱ्या आईंनी चढू नयेत. तोकेइजीला सुरुवातीला थोड्या पायऱ्या, मग सपाट. पादत्राणं सहज निघणारी घाला, कारण खोल्यांमध्ये जाताना काढावी लागतात. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि देवळात टाळ्या वाजवायच्या नाहीत, त्या शिंतो देवस्थानात. इथे नुसते हात जोडायचे.

जेवण: साध्या उपाहारगृहात "भाज्यांचं सूप" म्हणून येतं त्यातही सुकवलेल्या माशाचं पाणी असू शकतं. पण तिथे शोजिन र्‍योरी मिळते, म्हणजे मठातलं जेवण. त्यात कोंबू या समुद्री शेवाळाचं आणि शिताके अळंब्यांचं पाणी वापरतात. कांदा-लसूणही वर्ज्य. मी माझ्या सासूबाईंना म्हटलं, तुमचा चातुर्मास इथे बारा महिने असतो. आधी फोन करून जागा धरा आणि "मासे नाहीत, माशाचा अर्कही नाही" असं जपानीत लिहून दाखवा. केंचिन-जिरू नावाचं भाज्या-तोफूचं सूप केंचोजीतूनच निघालं असं म्हणतात, पण बाहेर विचारल्याशिवाय घेऊ नका.

शेवंती

मी इथे सहसा लिहीत नाही, वाचते. तोकेइजीबद्दल वाचून दोन दिवस मनातून जात नाही.

माझी मोठी आत्या. लग्न १९५८ च्या सुमारास. तीन वेळा माहेरी आली, तिन्ही वेळा आजोबांनी समजूत घालून परत पोचवली. तिसऱ्या वेळी ती रात्रीची चालत आली होती, पाय सोललेले. आजोबा वाईट नव्हते. त्यांना वाटायचं, बाई घरी बसली तर बाकीच्या मुलींची लग्नं कशी होणार. तोपर्यंत आपल्याकडे कायदा झाला होता, पण तो आत्यापर्यंत पोचवणारं घरात कोणी नव्हतं.

आणि तिकडे सातशे वर्षांपूर्वी एका विधवेने दार उघडून ठेवलं. चप्पल आत पडली तरी पुरे. माझी आत्या दाराच्या आत येऊन, ओसरीवर बसून, चहा पिऊनही परत गेली.

पायवाट, ते देऊळ बघायला मला जमणार नाही आता. पण तिथे नेमकं काय दिसतं ते अजून लिहाल का?

पायवाट

शेवंतीताई, काल मुद्दाम जाऊन आले.

पायऱ्या, मग गवताचा दरवाजा. आत सरळ लांब वाट, दोन्हीकडे प्लमची झाडं, आता निष्पर्ण, फेब्रुवारीत फुलतील. डावीकडे मुख्य मंदिर, लहान, समोर पांढरी वाळू. वाट पुढे उंच देवदारांमध्ये शिरते आणि तिथून सगळं कबरस्तान. खाली शेवाळ इतकं जाड की पावलांचा आवाज येत नाही. तैवानी खारींचा तेवढा कर्कश आवाज वरून येत असतो. मठाच्या प्रमुख भिक्षुणींच्या कबरी वरच्या अंगाला आहेत. विसावी प्रमुख तेन्शू-नी ही तोयोतोमी हिदेयोरीची मुलगी. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला, घराणं संपलं, आणि तिला सात वर्षांची असताना इथे धाडलं. जिचं स्वतःचं सगळं गेलं ती पुढे इथे येणाऱ्या बायकांच्या मागे उभी राहिली.

एक म्हातारे गृहस्थ बांबूच्या खराट्याने पानं गोळा करत होते. पानं पडतच होती, ते झाडतच होते. मी तुमच्या आत्यांची आठवण काढून थोडा वेळ उभी राहिले.

शेवंती

वाचलं. आभार मानत नाही, तुम्हाला कळेल.

अबोली

जाऊन आलो! गेल्या मंगळवारी. उशीर होतोय लिहायला, पण तपशील विसरायच्या आत लिहिते.

सकाळी पावणेनऊला एंगाकुजी. पायऱ्यांवरचे मेपल अजून अर्धे हिरवे, अर्धे लाल. आईने काठी घेतली होती, सावकाश चढली. नवरा आणि लेक घंटेकडे गेले, आम्ही दोघी खाली बाकावर. गाडी गेली की सगळी घळ थरथरते आणि मग एकदम शांत होते. आई म्हणाली, मनमाडला मामाच्या घरी असंच व्हायचं. कितीतरी वर्षांनी तिने मामाच्या घराबद्दल सांगितलं, आणि पाऊण तास सांगत राहिली. त्यामुळे केंचोजी राहिलं, वैनगंगा. पुढच्या वेळी नक्की.

जेवण शोजिन, आधी ठरवलेलं. तिळाचं तोफू आईला इतकं आवडलं की कसं करतात ते खुणांनी विचारून घेतलं.

मग तोकेइजी. कबरींच्या मागे उंच लाकडी फळ्या उभ्या असतात, वारा आला की एकमेकींवर आपटून खडखडतात. त्यांवर जपानी मजकुराच्या वर काही वेगळीच अक्षरं. आई थांबली. म्हणाली, "हा र आहे ना?" मला हसू आलं, मग मोबाइलवर शोधलं. खरंच र. सिद्धम लिपीतली बीजाक्षरं, ख ह र व अ, पंचमहाभूतांची. त्या फळ्यांना सोतोबा म्हणतात, आणि तो शब्द आपल्या स्तूपापासूनच आलेला. आईने मग प्रत्येक फळीवर र शोधला.

निघताना दरवाजाशी तिने मला थांबवलं. आदल्या रात्री मी तिला हा सगळा धागा वाचून दाखवला होता. काठी माझ्या हातात दिली, खांबाला हात लावला, तो कपाळाला नेला. म्हणाली, "त्या बाईंना कळव, त्यांच्या आत्याच्या नावाने केला नमस्कार."

शेवंतीताई, कळवतेय.